जोत्याआधीचे प्रश्न

इमारत उभी राहिली, सज्जांना रंग लागला, लिफ्ट सुरू झाली, की आपण तिच्याकडे कौतुकाने पाहू लागतो. त्याआधी वर्ष-दीड वर्ष त्याच जागेवर पत्र्याचे कुंपण असते. आत खोल खड्डा असतो, पंपाने उपसलेले गढूळ पाणी गटारात सोडलेले असते आणि यंत्रांची धडधड चालू असते. त्या काळात आपली तक्रार एवढीच, की धूळ फार येते आणि झोप लागत नाही. आमचे स्पष्ट म्हणणे असे आहे, की उंच इमारतीच्या आयुष्यातील निर्णायक काळ हाच असतो, आणि नेमक्या याच काळात आपली कुटुंबे व आपले धर्मग्राम तोंड फिरवून उभे असतात. घराला आशीर्वाद देण्यासाठी धर्मगुरूंना बोलावण्याची घाई आपल्याला असते. ते घर कशावर उभे आहे हे विचारण्याची घाई मात्र कोणालाच नसते.

त्या कुंपणाआड काय चालते, ते आधी पाहू. पहिले काम म्हणजे जमीन वाचणे. ठिकठिकाणी बोअर घेऊन माती आणि खडकाचे नमुने काढतात. मुरूम किती, कठीण कातळ किती खोलीवर, भूजल कोठवर आलेले, हे त्यावरून ठरते. खाडीकाठी भराव घातलेली जागा वरून पटांगणासारखी सपाट दिसते. तिच्याखाली कित्येक मीटर मऊ चिखल असू शकतो. मग खोदकाम. बाजूची माती ढासळू नये म्हणून खड्ड्याच्या कडेने आधार उभारावा लागतो. कातळ खोल असेल तर यंत्राने भोके पाडून, त्यांत सळ्यांचे पिंजरे सोडून, काँक्रीट भरून पाइल घेतात, आणि त्यांपैकी काहींवर भार देऊन चाचणी करतात. त्यांवर राफ्ट किंवा पाइलच्या टोप्या, मग तळघर, मग जोते. प्रत्येक टप्प्यावर ओतलेल्या काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे काढून ठेवायचे आणि ७ व २८ दिवसांनी ते यंत्रात दाबून फोडायचे, म्हणजे त्याची ताकद कळते. नव्या काँक्रीटला दिवसचे दिवस पाणी मारत राहायचे, तेव्हा कोठे ते पक्के होते.

यांतले एकही काम इमारत पुरी झाल्यावर डोळ्यांना दिसत नाही. दाराची मूठ वाईट निघाली तर बदलता येते, फरशी उखडून नवी बसवता येते. तोकडा पडलेला पाइल मात्र वीस मजले चढल्यावर कोणी बाहेर काढून पाहत नाही. नमुना सदनिकेतील खोटी फुले आणि गुळगुळीत ओटा पाहून आपण घर पसंत करतो, तेव्हा ज्यावर आपल्या मुलाबाळांचा जीव अवलंबून आहे ते सारे आपल्या पायांखाली पुरले गेलेले असते.

आता पैशाकडे पाहू. रेरा या नावाने सर्वांना ठाऊक असलेला कायदा २०१६ चा. महाराष्ट्रातील महारेरा प्राधिकरण १ मे २०१७ पासून काम पाहत आहे. या कायद्यानुसार करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्राच्या आदर्श करारनाम्यात पुढील हप्त्यांच्या मर्यादा दिल्या आहेत: करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाल्यावर एकूण ४५ टक्क्यांपर्यंत. याचा अर्थ असा, की ६० लाखांच्या घरापैकी २७ लाख रुपये, जमिनीच्या वर एक मजलाही दिसत नसताना, आपल्या हातून गेलेले असू शकतात. कोणाच्या आईचे दागिने, कोणाची आखातातील पंधरा वर्षांची कमाई, कोणाच्या वाडीचा तुकडा त्या खड्ड्यात गेलेला असतो. ज्या टप्प्यावर आपण जवळजवळ निम्मे पैसे देतो, त्या टप्प्यावर एकही प्रश्न विचारत नाही. याला भाबडेपणा म्हणावे की बेपर्वाई, हे वाचकांनीच ठरवावे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशूने बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दृष्टांत दिला आहे. पाया घालण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब न करणारा माणूस पुढे लोकांच्या थट्टेचा विषय होतो, असा त्याचा आशय. आपण तो शिष्यत्वाविषयी वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु दृष्टांत शब्दशः खरा ठरावा असे बुरूज आपल्याच राज्यात उभे आहेत. मुंबईत लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर ‘वर्ल्ड वन’ हा मनोरा जगातील सर्वांत उंच निवासी इमारत होणार म्हणून गाजला. आखणी ४४२ मीटरची होती. विमानतळ प्राधिकरणाची त्या उंचीला परवानगी मिळाली नाही, आणि मनोरा सुमारे २८० मीटरवर थांबला. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये १९८० च्या दशकात पाच मजल्यांची परवानगी असता एक इमारत २० आणि दुसरी १७ मजल्यांपर्यंत चढवली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते वाढीव मजले बेकायदा ठरवले, तेव्हा रस्त्यावर येण्याची पाळी आली ती तेथे राहणाऱ्या कुटुंबांवर. सहावा मजला चढू लागला त्या दिवशी मंजूर नकाशा कोणी मागितला असता, तर पुढची तीस वर्षे वाचली असती.

हे झाले पैशाचे आणि कागदाचे. आता जिवाचे ऐका. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये एक इमारत कोसळली. काही महिन्यांतच सात मजले चढवून आठव्याचे काम चालू होते. खालच्या मजल्यांवर माणसे राहूही लागली होती. ७४ जण मेले. २९ जून २०१९ रोजी पुण्याच्या कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. १५ जण गेले. त्यांत लहान मुलेही होती, आणि त्यांतील बहुतेक जण बिहारहून पोट भरण्यासाठी आलेले. ज्या घरांचा पाया ते घालत होते, त्यांचा उंबरा ओलांडण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते, असे म्हणून आपण वर्तमानपत्र मिटले.

‘नशीब’ आणि ‘देवाची इच्छा’ या दोन शब्दांवर आमचा विशेष आक्षेप आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे विचारून प्रभूने तो समज खोडून काढला, हे त्याच शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. मेलेल्यांच्या माथी दोष मारण्याची वाट त्याने बंद केली आणि ऐकणाऱ्यांना स्वतःचे आचरण बदलायला सांगितले. काँक्रीटमध्ये सिमेंट कमी पडणे ही देवाची इच्छा नव्हे. ती कोणातरी माणसाची इच्छा असते, आणि दुसऱ्या अनेक माणसांचे मौन तिच्या पाठीशी असते.

आमच्यावर काही आक्षेप घेतले जातील, त्यांचा विचार करू. पहिला: आम्ही अभियंते नाही, आम्हाला काय कळणार? पण जे प्रश्न विचारायचे ते अवघड नाहीत. माती-परीक्षणाचा अहवाल आहे काय? मंजूर नकाशात किती मजले आहेत? बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र कोठवर दिले आहे, जोत्यापर्यंत की त्याच्या वर? पालिकेने जोते तपासले काय? ठोकळ्यांच्या चाचणीचे निकाल दाखवाल काय? मासळी घेताना कल्ले उघडून पाहणाऱ्या आपल्या बायकांना हे पाच प्रश्न जड जावेत, असे आम्हाला वाटत नाही.

दुसरा आक्षेप: हे पाहणे सरकारचे काम आहे. निःसंशय आहे. परंतु नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती सर्वांच्या डोळ्यांदेखत उभ्या राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या प्रारंभी त्या पाडून संपवल्या गेल्या आणि हजारो माणसे बेघर झाली. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस विरारचे रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जण दगावले. ती इमारतही पालिकेच्या म्हणण्याप्रमाणे अनधिकृतच होती. सरकार पाहील या भरवशावर राहिलेल्यांची ही गत आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकांना घरे हवीत, तुम्ही विकासाच्या आड येता, असे म्हटले जाईल. आम्हाला उंच इमारतींचे वावडे नाही. जमीन थोडी आणि माणसे फार, तेथे वर चढण्यावाचून गत्यंतर नाही, हे आम्ही जाणतो. पण फसव्या पायाची किंमत मोजतो तो नेहमी गरीबच. श्रीमंताला वकील मिळतो, दुसरे घर मिळते. गरिबाच्या मागे बँकेचा हप्ता तेवढा उरतो. आणि प्रश्न विचारणे म्हणजे आड येणे नव्हे, हे वसईने कधीच दाखवून दिले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी आवाज उठवला, तो जमीन अजून हिरवी होती तेव्हा. वेळेवर विचारलेल्या प्रश्नाला वजन असते, ते यामुळे.

चौथा आक्षेप दूरच्या वाचकांचा असेल: हे मुंबई-वसईचे रडगाणे, आम्हा खेड्यांतल्यांना त्याचे काय? भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातले आंधळगाव घ्या. हे हातमागाचे, कोशाच्या वस्त्राचे गाव. तेथे कोणी मनोरा बांधायला घेतलेला नाही. परंतु अशा गावांतली मुले नागपूरला, पुण्याला, मुंबईला नोकरीस जातात आणि खड्डा खोदला जात असतानाच घर नोंदवतात, कारण त्या टप्प्यावर भाव कमी असतो. पैसे मात्र पुष्कळदा गावातूनच जातात. तेव्हा शहरातला खड्डा गावाच्याही अंगणात आलेला आहे. आणि गावाजवळ यासाठी लागणारे शहाणपण आहे. ताणा नीट लागला नाही तर पुढे कितीही सुरेख विणले तरी वस्त्र सुधारत नाही, हे विणकराला कोणी शिकवावे लागत नाही. तो सारी काळजी पहिला आडवा धागा टाकण्यापूर्वी घेतो. मुलाच्या घराविषयी बोलताना बापाने हीच कसोटी लावावी, एवढेच आमचे मागणे आहे.

आता धर्मग्रामांकडे आमच्या काही मागण्या आहेत. बहुतेक धर्मग्रामांत एखादा अभियंता, एखादा वकील, हिशेब जाणणारा कोणीतरी असतोच. त्यांची एक लहान समिती करावी. महारेराच्या नियमांनुसार विकासकाला दर तीन महिन्यांनी कामाची प्रगती जाहीर करावी लागते, आणि ती माहिती कोणालाही पाहता येते. आपले हे त्रैमासिकही तीन महिन्यांनीच घरी येते. अंक हाती आला, की आपल्या परिसरातील कामांची ती नोंद पाहून समितीने मिस्सानंतर लोकांना सांगावी. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करण्याचे बंधन आहे, आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांच्या दाखल्याशिवाय ती काढता येत नाही, हेही लोकांना समजावून द्यावे.

फेस्ताच्या स्मरणिकेत बिल्डरची पानभर जाहिरात घेताना तीवर महारेरा नोंदणी क्रमांक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा झालेला क्यूआर कोड आहे की नाही, ते पाहावे. नसेल तर ती जाहिरात परत करावी, मग देणगीची रक्कम कितीही मोठी असो. ज्या कुटुंबांनी आपली वाडी विकासाला देऊन त्या बदल्यात सदनिकांचा वा उत्पन्नाचा वाटा घेतला आहे, त्यांनी तर अधिकच सावध राहावे. महारेरा अशा जमीनमालकांना प्रवर्तकच मानते. ‘आम्ही फक्त जमीन दिली’ हे उत्तर तेथे पुरेसे होत नाही, आणि सदसद्विवेकबुद्धीपुढेही होऊ नये.

शेवटची मागणी त्या खड्ड्यात उतरलेल्या माणसांसाठी. आपल्या हद्दीत बांधकाम सुरू झाले, की मजुरांच्या झोपड्या कोठे टाकल्या आहेत, त्या खड्ड्याच्या काठाला वा जुन्या भिंतीला टेकून तर नाहीत ना, हे पावसाळ्यापूर्वी कोणीतरी जाऊन पाहावे. त्यासाठी पदवी लागत नाही. दोन पाय लागतात आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला नम्रपणे, पण ठामपणे, आत सोडायला सांगण्याचे धैर्य लागते.

विकासकाने उत्तर दिले तर घर घ्यावे. उत्तर टाळले तर पैसे खिशात ठेवून परत यावे. जोते भरेपर्यंत हा अधिकार आपल्या हाती पुरता असतो; त्यानंतर दर स्लॅबगणिक तो कमी होत जातो.