चुलीला सुट्टी नाही

दिवाळीआधीचे आठ दिवस मी आमच्या घरात पाहुणा असतो. यंदा स्वयंपाकघराची ओल धरलेली भिंत पाडून नवी बांधायची होती. मी सुचवले, "चार दिवस खाणावळीचा डबा लावू." त्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "चूल बंद ठेवून दुरुस्ती करायला हे काय तुमचं कॉलेज आहे?" भिंत पडली, उभी राहिली, आणि त्या धुळीतही दोन वेळची पोळी चुकली नाही!

मला राळेगणसिद्धीचा बांध आठवला. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी तो पाहिला होता. पारनेर तालुक्यातले हे अवर्षणाचे गाव. तिथे सरकारी पाझर तलाव होता. पण त्यात पाणी ठरत नसे, कारण बांधच गळका! मी भाबडेपणाने विचारले, "पाझर तलाव पाझरला, तर बिघडले कुठे?" एक म्हातारे शेतकरी हसले. "गुरुजी, तळातनं मुरलेलं पाणी विहिरीत येतं. बांधातनं निसटलेलं ओढ्यानं जातं."

१९७५ साली सैन्यातून गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी गावकऱ्यांना श्रमदानाला उभे केले. नव्या तलावाची वाट न पाहता गावाने तोच गळका बांध दुरुस्त केला, आणि उन्हाळ्यात खालच्या विहिरींना पाणी राहिले. ओढ्यांवरचे बंधारे, टेकड्यांवरची झाडे हे सारे त्यानंतरचे.

मोठ्या कामाचीही हीच गोष्ट. याच जिल्ह्यातले भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. १९६९ साली त्याला तडे गेले, पाणी झिरपू लागले. प्रवरेच्या कालव्यांवरचा सारा संसार त्या पाण्यावर. धरण मोडून नवे होईपर्यंत त्या शेतकऱ्यांनी कोणाकडून डबा मागवायचा? मग पाठीमागून आधारभिंती देऊन तेच धरण सावरले. ते आजही पाणी देते.

नव्या कामाला कोनशिला असते, नारळ असतो, फोटो असतो. डागडुजीला यातले काहीच नसते, आणि ती कधी संपतही नाही. मातीच्या बांधात खेकडे बिळे करतात, झाडांची मुळे शिरतात. दर पावसाळ्याआधी कुणीतरी तो पायांनी चालून पाहावा लागतो. ज्या गावात असे कुणी उरत नाही, तिथे बांध दिसायला शाबूत असतो आणि विहिरी मात्र कोरड्या पडतात.

हे लिहून सौभाग्यवतींना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "छान आहे. आता गच्चीवरची गळकी टाकी कधी पाहताय?"