पैसे दिलेत, मासा पाहिजे!

मागच्या शनिवार-रविवारी घरी गेलो होतो. घर म्हणजे मांजरसुंबा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सोलापूर-धुळे रस्त्यावर, बीडच्या अलीकडे, घाटाच्या तोंडाशी असलेलं फाट्याचं गाव. जामखेडकडून येणारा आणि केजकडे जाणारा रस्ता इथेच भेटतो. कपिलधारला जाणारे लोक इथे उतरतात, चहा पितात आणि निघून जातात. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटर. त्यामुळे खाडीतल्या मासेमारीवर मांजरसुंब्यात बसून लिहिणारा बहुधा मी पहिलाच असेन :)

तर चुलत्यांना, म्हणजे तात्यांना, मोबाईलवर फोटो दाखवत होतो. खाडी, होडी, पोलराईज्ड गॉगल घातलेला मी आणि माझ्या दोन्ही हातांत आडवा धरलेला जिताडा. ९८ सेंटीमीटर, ११ किलो. या फोटोला हापिसात जेवढं कौतुक मिळालं तेवढं मला दोन प्रमोशनला मिळून मिळालं नव्हतं.

तात्या स्वतः आयुष्यभर गळ टाकत आलेत. घाटाखालच्या बिंदुसरेच्या तलावावर त्यांच्या मांडीला मांडी लावून बसतच मी गळ शिकलो. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला.

"केवढ्याला पडला?"

"माणशी पाच हजार. गाडी-पेट्रोल वेगळं."

"आन् माशाचं काय केलं?"

"खाल्ला की."

तात्यांनी स्क्रीनवर माशाच्या पोटावर बोट ठेवलं. "भरलेली दिसतीय ही. मपल्याकडं पिल्लांवरच्या मरळीला बी कुनी हात लावत न्हाई. तुमच्या वाटाड्यानं सांगितलं न्हाई का तुला?"

सांगितलं होतं. आणि मी ऐकलं नव्हतं. ही सगळी पोस्ट त्या एका वाक्याबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांमध्ये हा नवा शौक आलाय. ट्रेक झाले, बुलेट झाली, लडाख झालं, आता अँगलिंग. त्यातही वरचा वर्ग म्हणजे खाडीतली गाईडेड ट्रिप. नवशिक्यांना घेत नाहीत, "फक्त अनुभवी अँगलर्ससाठी" असं आधीच सांगतात. एक होडी, एक गाईड, दोन किंवा तीन गळवाले. पहाटे निघायचं, कांदळवनातल्या नाल्यांच्या तोंडाशी होडी लावायची आणि ल्यूर फेकत बसायचं. आमची ट्रिप रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीत होती. खाडीचं नाव सांगणार नाही. एक तर गळवाला आपली जागा कधी सांगत नाही, आणि दुसरं कारण पुढे येईलच.

या ट्रिपमध्ये आपण विकत काय घेतो? रॉड आपला, रील आपलं, ल्यूर तर आपलेच, तेही जपानी. होडी भाड्याने कुणाकडूनही मिळते. आपण विकत घेतो ती गाईडच्या डोक्यातली खाडी. ओहोटी लागली की कांदळवनाच्या आतलं पाणी नाल्यांवाटे बाहेर पडतं आणि त्याबरोबर कोळंबी आणि बारीक बोय बाहेर येतात. जिताडा नाल्याच्या तोंडाशी आडोशाला उभा राहतो आणि आयतं तोंडात घेतो. एवढं कुठल्याही व्हिडिओत कळतं. पण पन्नास नाल्यांपैकी आज कुठला? उधाणाला कुठला आणि भांगाला कुठला? गाळ कुठे सरकलाय? हे आमच्या गाईडला त्याच्या बापाने दाखवलेलं, आणि तो रोज पाण्यात असल्यामुळे अपडेटेड. जीपीएसवर हे मिळत नाही.

आमचा गाईड पन्नाशीचा असेल. मेचा शेवटचा शनिवार होता. साडेसातच्या सुमाराला माझी लाईन ओढली गेली, ड्रॅग किंचाळला, मासा दोनदा पाण्याबाहेर उसळला. दहा मिनिटांनी तो होडीला लागला तेव्हा माझे हात थरथरत होते. गाईडने एकदा बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "सायेब, फोटो कारा न् सोरून द्या. आई हाय ती. पाऊस तोंडावर आलाय."

आणि मी, सहा वर्षं गळ टाकणारा, "अनुभवी" अँगलर, काय बोललो? "काका, पैसे दिलेत. मासा पाहिजे."

तो पुढे काही बोलला नाही. बर्फाचा डबा उघडून दिला. मासा कापला तेव्हा आत दोन हातभर गाभोळी निघाली. तीही आम्ही तळून खाल्ली.

आता "आई हाय ती" या वाक्यातलं विज्ञान सांगतो, कारण घरी येऊन मी ते शोधलं आणि मग झोप उडाली. जिताडा (बंगालची भेटकी, ऑस्ट्रेलियाचा बारामुंडी, सगळे एकच) आयुष्याची सुरुवात सहसा नर म्हणून करतो. तीन-चार वर्षांचा, साधारण साठ सेंटीमीटरचा झाला की नर म्हणून प्रजननाला तयार होतो. पुढे सहा-आठ वर्षांचा होताना, साधारण ८५ ते १०० सेंटीमीटरच्या दरम्यान, त्याची मादी होते. पावसाळ्याच्या सुमारास या माद्या खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात, अंडी सोडतात. मोठी मादी एका हंगामात लाखांनी, अगदी मोठी असेल तर कोटीत. पिल्लं भरतीबरोबर आत येतात आणि कांदळवनात, खाजणात वाढतात.

म्हणजे गणित बघा. मीटरभर लांबीचा ट्रॉफी जिताडा जवळजवळ नेहमीच मादी असतो. सहा-आठ वर्षं जाळी, गळ, पाग, प्रदूषण या सगळ्यातून वाचून जी एक मादी झाली, तीच नेमकी आपल्याला फोटोसाठी हवी असते. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्या एका सर्व्हरवर सगळा बॅकअप आहे, तोच उचलून भंगारात विकायचा आणि वर त्याच्याबरोबर सेल्फी. रावसाचंही असंच आहे, आधी नर, मग मादी. मोठा तेवढा चांगला हे आपलं माप या माशांच्या बाबतीत साफ उलटं आहे.

महाराष्ट्राने २०२३ साली अनेक जातींसाठी पकडायच्या माशाची किमान लांबी ठरवली. चांगलं झालं. पण किमान लांबी म्हणजे अर्धाच विचार. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये बारामुंडीला दोन्हीकडून कुंपण आहे: ५८ सेंटीमीटरच्या खालचा ठेवायचा नाही आणि १२० च्या वरचाही नाही. शिवाय पूर्व किनाऱ्यावर प्रजननाच्या काळात गळ बंद. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी असते ती यांत्रिक होड्यांच्या समुद्रातल्या मासेमारीला. खाडीत वल्ह्याची होडी घेऊन गळ टाकणाऱ्याला ती अडवत नाही. म्हणजे माद्या ज्या महिन्यांत तोंडाशी गोळा होतात, त्याच महिन्यांत आपल्याला लाँग वीकेंड आठवतो.

हे सगळं मी ग्रुपवर बोललो तेव्हा जी उत्तरं आली ती अशी.

एक: "आपल्या एका माशाने काय होतंय? डोल जाळी बघ, कारखान्यांचं सांडपाणी बघ." बरोबर आहे. डोलीत पिल्लं ढिगाने मरतात, आणि कांदळवनं वाचवायला २००५ साली हायकोर्टाला मध्ये पडावं लागलं. पण जाळं टाकणाऱ्याला आत काय येणार हे निवडता येत नाही, आणि त्याचं घर त्यावर चालतं. गळवाल्याच्या हातात मासा एकेक आणि जिवंत येतो. ठेवायचा की सोडायचा हा प्रश्न त्याला प्रत्येक वेळी विचारला जातो. उत्तर द्यायची सोय असताना "बाकीचे बघा" म्हणणं हा कोडगेपणा आहे.

दोन: "गावातले लोक वलगणीचे मासे धरतातच ना?" धरतात. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरणं हे मला तिकडेही पटत नाही. पण वर्षातून चार दिवस धरणारा गावकरी आणि दर शनिवारी फिशफाइंडर घेऊन येणारे आपण यांची बरोबरी होत नाही. आणि "ते करतात म्हणून आम्ही" हे पाच हजार देणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

तीन: "हॅचरीतून बीज आणून सोडू." हे सगळ्यात इंजिनिअरी उत्तर, म्हणून सगळ्यात धोक्याचं. लोणावळ्याच्या हॅचरीतलं निळ्या परांच्या महसीरचं बीज गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कावेरीत सोडलं गेलं. हेतू उत्तम होता, गळवालेच पुढे होते. नवा मासा फोफावला आणि कावेरीचा मूळचा हंपबॅक महसीर मागे पडत गेला. धरणं, सुरुंग ही कारणं आहेतच, पण २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला तेव्हा या बीजाचंही नाव त्यात होतं.

चार, आणि हे तात्यांचं: "खायचा न्हाई तर मंग त्या जिवाला छळता कामून?" याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, खरंच नाही. म्हणून सगळे मासे सोडा असं मी म्हणत नाही. साठ ते ऐंशी सेंटीमीटरमधला एक ठेवा, घरी न्या, खा. तो बहुतेक नर असतो आणि त्याला एखादा हंगाम मिळालेला असतो. मोठी लागली तर काटे दाबलेल्या गळाने ती लवकर सुटते. पाण्यातच मोजा, हात ओले ठेवा, पोटाखाली आधार द्या, जबड्याला धरून उभी लोंबकळवू नका. नीट सोडलेली बहुतेक जगते.

पण माझा खरा राग नियमांवर नाही. तो "पैसे दिलेत" यावर आहे. आपण गाईडला दिवसाचे पैसे देतो आणि वर मोठ्या माशावर बक्षीस. रिव्ह्यू लिहितो तोही माशाच्या लांबीवरच. म्हणजे खाडी सगळ्यात जास्त कळणाऱ्या माणसाला आपण त्याच्याच खाडीचं भांडवल विकायला पगार देतो, आणि व्याजावर भागव म्हणणाऱ्याला एक स्टार. त्या दिवशी तो गप्प बसला ते त्याला कळत नव्हतं म्हणून नाही. पुढचा शनिवार त्याला हवा होता. क्लायंटपुढे गप्प बसणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला पाहिजे का?

माझ्या मागण्या साध्या आहेत. दिवसाचे पैसे पूर्ण आणि आगाऊ द्या, मासा लागो न लागो. मोठ्या माशावरचं बक्षीस बंद करा. द्यायचंच असेल तर सोडलेल्या माशावर द्या. होडीत गाईडचा शब्द शेवटचा, हे निघण्याआधी ठरवा. जून ते ऑगस्ट मोठ्या जिताड्याच्या मागे जाऊ नका. आणि फोटोवर जागेचं नाव टाकू नका. (हे ते दुसरं कारण. आज टाकलं की पुढच्या शनिवारी तिथे सहा होड्या.)

मासा न मारता खाडीतून कमाई होते का? होते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवनाची सफर घडवतात. वल्हं त्यांच्या हातात, माहिती त्यांच्या तोंडी. लोक पैसे देतात ते खाडी दाखवल्याचे. आणि तिथे "पैसे दिलेत, खंड्या पाहिजे" असं कुणी म्हणत नाही.

रविवारी संध्याकाळी परत निघायच्या आधी तात्यांबरोबर तलावावर गेलो. २०१६ चा दुष्काळ आमच्याकडे अजून गोष्टीसारखा सांगतात. मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. तलाव आटला की मासा संपतो. पुन्हा पाऊस पडला की सोसायटीवाले बोटुकली आणून सोडतात, कटला, रोहू, मृगळ. हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, त्यांना वाहती नदी लागते. त्यामुळे आमच्या तलावातला कटला टेम्पोतून येतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

तात्या गळाला आमिष लावत म्हणाले, "आमचा मासा दरसाल इकत येतो बाबा. तुमच्या खाडीत कोन आनून टाकतंय?"

कुणी नाही, तात्या. तिथे ते काम तीच करते. एकीला तर मी खाल्ली.

असो. त्या गाईडला काल फोन केला. सप्टेंबरातला एक शनिवार ठरवला आणि पैसे आधीच पाठवले. म्हटलं, यावेळी मोठी लागली तर सोडायची, तुम्ही सांगाल तसं. तो हसला आणि म्हणाला, "आदी लागू तं द्या."