ओटा गेला, पोर्च आला

माउली, रागावणार नसाल तर एक प्रश्न विचारतो. तुमच्या नव्या घराला ओटा आहे का?

भंडारा शहराच्या चहूअंगांनी धानाच्या बांध्या मोडून लेआऊट पडत आहेत. तुमसर, साकोली, पवनी येथेही तेच. त्या लेआऊटमधील घरे पाहा. देवघर असते, बहुधा संगमरवरी असते. त्यात विठोबा-रखुमाई असतात. पण घरापुढे गाडीचा पोर्च, पोर्चपुढे कंपाऊंडची भिंत, भिंतीला लोखंडी फाटक आणि फाटकावर कुत्र्यापासून सावध राहण्याची पाटी! गाडीला सावली मिळाली, पण वाटेने जाणाऱ्याला टेकायला वीतभर जागा उरली नाही. आणि वारकरी पंथात तर वाटेने जाणाराच पांडुरंग मानला आहे.

ही राहणी मोठ्या प्रमाणावर प्रथम रुजली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत. लढाईवरून परतलेल्या जवानांना सरकारच्या हमीवर स्वस्त कर्ज मिळाले. १९४७ साली न्यूयॉर्कजवळच्या शेतजमिनीवर लेव्हिटटाऊन ही वसाहत उभी राहू लागली आणि चार-पाच वर्षांत तेथे सतरा हजारांवर एकसारखी घरे झाली. १९५० च्या नमुन्यात तर टीव्ही भिंतीतच बसवून मिळे. त्या साली अमेरिकेत दहांतल्या एका घरातही टीव्ही नव्हता. दहा वर्षांत दहांतल्या जवळजवळ नऊ घरांत तो पोहोचला. १९५६ साली देशभर महामार्ग बांधण्याचा कायदा झाला. घर एकीकडे, काम दुसरीकडे, बाजार तिसरीकडे आणि मध्ये मोटार. घरापुढच्या ओट्यावरची माणसे आत जाऊन टीव्हीसमोर बसली.

त्या वसाहतीचा आणखी एक नियम ऐका. घराच्या करारातच लिहिले होते की गोऱ्यांखेरीज कोणी येथे राहू नये. आणि त्याच १९४७ च्या मे महिन्यात आपल्या पंढरपुरात साने गुरुजी विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून उपोषणाला बसले होते. दहा दिवसांनी ते दार उघडले. एकाच वर्षी एका देशात भिंत उभी राहिली, दुसऱ्या देशात दार उघडले. आता मनाला विचारा, प्लॉट घेताना 'आजूबाजूला आपलीच माणसं आहेत ना?' हा प्रश्न आपल्या तोंडी कसा आला? करारात लिहिले नाही म्हणून भिंत नाही, असे थोडेच आहे?

कोणी म्हणेल, महाराज, गाडीला का नावे ठेवता? रात्री रोगी नागपूरला न्यायचा तर गाडीच लागते. खरे आहे. गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात गाड्यांचे गिअरबॉक्स बनतात, वरठीच्या सनफ्लॅगचे पोलाद मोटारींसाठी जाते. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी चुली त्यावर पेटतात. गाडी विकून टाका, असे मी म्हणत नाही. माझे भांडण वेगळे आहे. गाडी दारात असावी. पण तिने दारच अडवू नये.

टीव्हीचेही तसेच. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण लागले, तेव्हा रविवारी सकाळी एका टीव्हीपुढे अर्धा मोहल्ला बसे. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी चटया कमी पडत. तीच मालिका २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा लागली, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या घरात पाहिली. त्या वर्षी आळंदी-देहूच्या पादुकाही एसटी बसने पंढरपूरला गेल्या. रोगराईत तसे करणे शहाणपणाचेच होते. तो आपद्धर्म होता. रोग गेला, पालख्या पुन्हा पायी निघाल्या. आपण मात्र अजून दार लावूनच बसलो आहोत. आपद्धर्मालाच आपण धर्म करून टाकले!

'घरबसल्या दर्शन होते, मोबाईलवर कीर्तन मिळते, मग जमायचे कशाला?' असे आता माळकरीही म्हणतात. त्यांना माझे उत्तर आहे : टीव्ही तुम्हाला दिसतो, टीव्हीला तुम्ही दिसत नाही. गावात कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकडा चालतो. पहाटेच्या थंडीत एखादा टाळकरी आला नाही, तर दुसरा त्याच्या दाराची कडी वाजवतो. ताप आला असेल, घरात काही झाले असेल, कळते. मोबाईलवरचा हरिपाठ कितीही गोड असो, तुमचा टाळ थांबला हे त्याला कळायचे नाही. लेआऊटमधल्या कितीतरी घरांत आज दोन म्हातारी माणसे आहेत, मुले पुण्याला किंवा परदेशात. टीव्ही दिवसभर चालू असतो, म्हणून शेजाऱ्याला वाटते, आत सारे ठीक आहे. त्या आवाजामागे कोणी पडलेले असेल, तर कडी कोण वाजवणार?

आपला पंथ भेटीचा पंथ आहे. भेटणाऱ्याच्या पायांवर डोके ठेवायचे, ही आपली रीत. काचा वर करून जाणाऱ्याचे पाय दिसत नाहीत. फाटकाआडच्याचेही दिसत नाहीत. मग डोके ठेवायचे कोठे?

तेव्हा तीन गोष्टी करा. घर बांधत असाल तर भिंतीबाहेर, रस्त्याच्या अंगाला, नालीला अडथळा न होईल असा दोन हातांचा ओटा काढा. बांधून झाले असेल तर फाटकाजवळ एक बाक ठेवा. लेआऊटच्या नकाशात मोकळी जागा सोडलेली असते. तेथे तुळशीवृंदावन करा आणि येत्या कार्तिकात काकडा तेथे सुरू करा. पाच माणसे आली तरी पुरे. आणि येत्या एकादशीला संध्याकाळी टीव्ही बंद करून, गाडी पोर्चमध्येच ठेवून, हरिपाठासाठी पायी एका घरी जा. ज्याला तुम्ही आजवर 'आपल्यातला' म्हटले नाही, त्याच्याच घरी आधी जा.

पंढरपूर भंडाऱ्याहून फार लांब आहे आणि दरवर्षी जाणे सर्वांना जमत नाही. शेजाऱ्याचे दार दहा पावलांवर आहे. तेवढी वारी तरी चुकवू नका.

राम कृष्ण हरी.