ओल्या लाकडाची निंदा

कोणत्याहि धंद्यांतील एखादा नियम कानावर पडला कीं तो त्रिकालाबाधित सिद्धान्त समजावयाचा, ही आम्हां इंग्रजी शिकलेल्या लोकांची जुनी खोड आहे. ‘लाकूड मुरल्यावांचून त्याला हत्यार लावूं नये’ हा असाच एक नियम. गेल्या हिवाळ्यांत एका प्रदर्शनांत एका तरुण कातार्‍यानें नुकत्याच तोडलेल्या आंब्याच्या ओंडक्यापासून लेथवर कातलेलीं पात्रें मांडलीं होतीं. वाळतांना तीं किंचित् लंबगोल झालीं होतीं. माझ्या एका विद्वान् स्नेह्यांनीं एक पात्र उलटसुलट करून पाहिलें आणि म्हणाले, “कच्चें लाकूड घेतलेलें दिसतें. धंद्याची माहिती नाहीं बिचार्‍याला.” ज्याला माहिती होती तो गप्प राहिला आणि ज्यांना नव्हती त्यांनीं निकाल दिला! त्या निकालाविरुद्ध हें माझें अपील आहे.

नियम खोटा नाहीं. पण तो दारें, खिडक्या आणि टेबलाचे खण यांचा नियम आहे. ओल्या फळ्यांचें दार बसवाल तर उन्हाळ्यांत फटींतून शेजार दिसूं लागेल, आणि ओली फळी वाळलेली म्हणून विकणारा दुकानदार लबाडच. परंतु सुताराचा कायदा कातार्‍याला लावण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

लाकडांतील पाणी पेशींच्या पोकळ्यांत असतें तसें त्यांच्या भिंतींतहि असतें. पोकळ्यांतील पाणी जाईपर्यंत लाकूड आकसत नाहीं. ओलावा सुमारें ३० टक्क्यांच्या खालीं उतरला म्हणजे भिंती वाळूं लागतात आणि आकसणें सुरू होतें. तेंहि सर्व बाजूंनीं सारखें नव्हे. बीचचें लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेनें सुमारें १२ टक्के, त्रिज्येच्या दिशेनें सुमारें ६ टक्के आकसतें, आणि लांबींत जवळजवळ नाहींच. ओला गोल वाळून लंबगोल होतो तो यामुळें. जाणता कातारी हें आधींच हिशेबांत धरतो. चीर जेथून सुरू होते तो गाभा तो काढून टाकतो. पात्राची भिंत सर्वत्र सारख्या जाडीची ठेवतो. आणि अगदीं वाटोळेंच हवें असेल तर व्यासाच्या दशांशाइतकी जाडी राखून पात्र कित्येक महिने वाळवतो व मग पुन्हां कातून घेतो. हें अज्ञान असेल तर ज्ञान कशाला म्हणावें?

आणि ज्या इंग्रजांच्या पुस्तकांवर आमची भिस्त, त्यांच्याच देशांत काय चाले तें पाहा. चिल्टर्न टेकड्यांवरील बीचच्या रानांत ‘बॉजर’ नांवाचे कातारी रानांतच खोपट घालीत, ओंडके पाचरींनीं फोडीत आणि ओल्या लाकडाचे खुर्चीचे पाय कातीत. त्यांचा लेथ म्हणजे डोक्यावर एक लवचिक दांडा, खालीं पायानें दाबावयाची फळी, आणि मध्यें लाकडाला वेढा दिलेली दोरी. फळी दाबली कीं लाकूड पुढें फिरे, सोडली कीं मागें. पुढें फिरतांना तेवढी पटाशी लावावयाची. वाळलेलें कठीण लाकूड अशा लेथवर जीव काढील. ओल्या बीचची सालपटें लांबच लांब निघतात. शिवाय करवतीऐवजीं पाचरीनें फोडल्यामुळें तंतु अखंड राहतात व पाय चिवट होतो. कातलेले पाय वाळवून हाय विकमच्या कारखान्यांकडे जात. १८७५ च्या सुमारास त्या गांवांत दिवसाला सुमारें ४,७०० खुर्च्या होत असा अंदाज आहे. इतक्या खुर्च्या ‘माहिती नसलेल्या’ माणसांच्या पायांवर उभ्या होत्या!

इंग्रजींत ‘बॉज’ म्हणजे कसेंबसें उरकलेलें काम. या कातार्‍यांच्या नांवाशीं त्या शब्दाचें नातें कोशकार खात्रीनें जोडीत नाहींत, लोक मात्र बेधडक जोडतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे कातारी जवळजवळ संपले. पुढें १९७८ सालीं बाल्टिमोर येथील एक वकील, जेनी अलेक्झांडर, यांनीं झाडापासून थेट खुर्ची कशी करावी यावर पुस्तक लिहिलें, आणि सुशिक्षितांना ओल्या लाकडांत एकाएकी शास्त्र दिसूं लागलें. रानांतल्या माणसाच्या हातांत होतें तोंवर तें अडाणीपण. वकिलाच्या लेखणींतून उतरलें कीं ग्रंथ!

त्या प्रदर्शनांतून मीं एक पात्र विकत आणलें. मोजपट्टी लावली: एका बाजूनें २१ सेंटिमीटर, दुसरीकडून साडेवीस. मध्यंतरीं अख्खा पावसाळा गेला, एकहि चीर नाहीं. माझे स्नेही येत्या रविवारीं चहाला येणार आहेत. चिवडा त्याच पात्रांत ठेवणार आहें.