वृत्तवाहिन्यांच्या साच्याला नियम हवेत, पण काठी सरकारच्या हातात नको

रात्री नऊ वाजता कुठलीही वृत्तवाहिनी लावा. पडद्यावर सहा-आठ चौकोन, मधोमध अँकर, खाली लाल पट्टीवर उत्तर आधीच ठरलेला प्रश्न आणि मागे युद्धपटात शोभेल असं संगीत. तासभर आरडाओरडा होतो आणि त्या तासात बातमी एकही नसते. याला 'चर्चा' म्हणतात. देशातल्या बहुतेक वृत्तवाहिन्यांचा प्राईम टाईम या एकाच साच्यात अडकला आहे आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका दलित, आदिवासी, भटके-विमुक्त आणि मुस्लिम समाजाला बसतो. त्यामुळे वाहिन्यांच्या कार्यक्रमांच्या साच्यावर कायद्याचं नियमन असावं की नसावं, हा प्रश्न फक्त पत्रकारांचा नाही, आपल्या चळवळीचाही आहे, असं आम्ही मानतो.

हा साचा का टिकला, याचं कारण आधी पैशात शोधलं पाहिजे. गावात वार्ताहर आणि कॅमेरा पाठवायचा तर गाडी, मुक्काम, वेळ, सगळ्याला खर्च येतो. स्टुडिओत आठ जणांना भांडायला बसवणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. स्वस्तात जास्त टीआरपी मिळत असेल तर मालक दुसरं काही कशाला करेल? पण अत्याचार स्टुडिओत घडत नाही. तो वस्तीत, शेताच्या बांधावर, पाणवठ्यावर घडतो. जिथे वार्ताहर जात नाही तिथली बातमी होत नाही. म्हणजे हा साचा वरवर तटस्थ दिसला तरी कोणाचं दुःख दिसेल आणि कोणाचं दिसणार नाही, हे तोच ठरवतो.

२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मोठ्या माध्यमांनी त्याची खरी दखल घ्यायला आठवडे लावले, तीही विदर्भात लोक रस्त्यावर उतरल्यावर. २०२० च्या सप्टेंबरात हाथरसची दलित तरुणी अलिगढच्या रुग्णालयात मृत्यूशी झुंजत होती, तेव्हा वाहिन्या एका अभिनेत्याच्या मृत्यूचा खटला स्टुडिओत चालवत होत्या. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदला पडद्यावर सर्वाधिक जागा मिळाली ती अडलेल्या लोकल आणि बंद दुकानांना. १ जानेवारीला भीमा कोरेगावला येणाऱ्या लोकांवर हल्ला का झाला, हा प्रश्न मागे पडला आणि पुढे 'अर्बन नक्षल' हा शब्द घरोघरी पोहोचला.

या चौकोनांत कोण बसतं, तेही पाहा. २००६ मध्ये सीएसडीएसशी संबंधित अभ्यासकांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ निर्णयकर्त्या पदांची पाहणी केली. अनुसूचित जाती किंवा जमातीचा एकही माणूस सापडला नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी पाहणी केली, तेव्हा वृत्तसंस्थांमधल्या १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर उच्चजातीय होते. अनुसूचित जाती-जमातीचा तेव्हाही कोणी नव्हता. तेरा वर्षांत सरकारं बदलली, वाहिन्या वाढल्या, तंत्रज्ञान बदललं. निर्णयाच्या खुर्च्या तशाच राहिल्या. आमच्या परिचयातल्या एका कार्यकर्तीला एका वाहिनीने ॲट्रॉसिटी कायद्यावरच्या चर्चेला बोलावलं होतं. तासाभरात तिच्या वाट्याला मिनिटभरही आलं नाही. बाकीचे सात जण कायद्याचा 'गैरवापर' या एकाच शब्दाभोवती फिरत होते. दुसऱ्या दिवशी वाहिनी म्हणायला मोकळी, की आम्ही दोन्ही बाजू दाखवल्या!

आता यावर नियम आणायचे म्हटलं की लगेच ओरड होते: हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे. आमचं उत्तर साधं आहे. साच्यावर नियमन आजही आहे. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत अशी मर्यादा आहे. २०२२ च्या अपलिंकिंग-डाउनलिंकिंग मार्गदर्शक तत्त्वांत रोज ३० मिनिटं लोकहिताचे कार्यक्रम दाखवण्याचं बंधन आहे आणि त्यांच्या विषयांत दुर्बल घटकांचं कल्याण हाही विषय आहे. आपल्या वस्तीवरची अशी ३० मिनिटं तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली? नियम कागदावर आहे. तो पाळला जातो की नाही, हे विचारणारं स्वतंत्र कोणी नाही.

तसं कोणीतरी असावं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेवलं आहे. बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्या वापराचं नियमन समाजातल्या सर्व घटकांचं प्रतिनिधित्व करणाऱ्या स्वायत्त प्राधिकरणाने करावं, असंही त्यात म्हटलं होतं. हेच सावंत साहेब पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात एल्गार परिषदेच्या निमंत्रकांत होते, हे आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावं. गायरान जशी गावाची, तशा या लहरी देशाच्या. गायरानावर एकाच आळीची गुरं चरत असतील तर गावाला विचारायचा हक्क आहे.

स्वयंनियमनाचा अनुभवही आपल्यासमोर आहे. २००८ मध्ये वाहिन्यांच्या संघटनेने स्वतःचं प्राधिकरण स्थापन केलं. त्याचा जास्तीत जास्त दंड १ लाख रुपये. २००९ मध्ये असा दंड झाल्यावर एका मोठ्या हिंदी वाहिनीने संघटनाच सोडली होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या रकमेने कोणाला जरब बसणार, असा सवाल केला. ब्रिटनमध्ये काय होतं ते पाहा. २०२० मध्ये तिथल्या ऑफकॉम या वैधानिक नियामकाने रिपब्लिक भारतच्या एका चर्चेतल्या द्वेषपूर्ण भाषेसाठी तिथल्या परवानाधारक कंपनीला २० हजार पौंड दंड केला. कार्यक्रम भारतातल्या स्टुडिओतला, भाषा हिंदी. लंडनमध्ये ज्याला दंड होतो ते आपल्याकडे रोजचं मनोरंजन असतं.

पण आम्हाला खरी चिंता वाटते ती दुसऱ्या आक्षेपाची, कारण तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो. ते म्हणतात, "काठी सरकारच्या हातात दिली तर ती पहिल्यांदा आपल्याच पाठीवर बसेल." हे खोटं नाही. २०१६ मध्ये एनडीटीव्ही इंडियाला एक दिवस बंद ठेवण्याचा आदेश निघाला होता, तो नंतर स्थगित झाला. २०२२ मध्ये मीडिया वन या मल्याळम वाहिनीला सुरक्षेचं कारण सांगून परवाना नाकारला आणि ते कारण वाहिनीला न दाखवता बंद लिफाफ्यात न्यायालयाला दिलं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर नॅशनल दस्तक या बहुजनांच्या यूट्यूब चॅनलला हटवण्याच्या हालचाली झाल्या. द्वेष पसरवणारा अँकर मोकळा आणि प्रश्न विचारणारा अडचणीत, हे आपण पाहतोच आहोत.

म्हणून आमची मागणी दोन अटींवर उभी आहे. पहिली अट: नियमन मताचं नको, साच्याचं हवं. अँकर कोणाच्या बाजूचा आहे हे न पाहता नियम लावता आला पाहिजे. तसा लावता येत नसेल तर तो नियम टाकून द्यावा. दुसरी अट: नियामक माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ताब्यात नको. संसदेच्या कायद्याने स्वतंत्र आयोग व्हावा. त्याच्या निवड समितीत विरोधी पक्षनेता आणि न्यायव्यवस्थेचा प्रतिनिधी असावा. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक आणि स्त्रिया यांच्या जागा कायद्यातच ठरलेल्या असाव्यात. वाहिनी बंद करण्याचा अधिकार सरकारला नसावा आणि आयोगाच्या प्रत्येक आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता यावं. हा कायदा परवानाधारक उपग्रह वाहिन्यांपुरताच असावा. मोबाईलवर वस्तीची बातमी करणाऱ्या पोराला त्याच्या कक्षेत ओढू नये.

या चौकटीत पुढचे नियम आम्ही सुचवतो.

१. बातमी, मत आणि चर्चा यांचं लेबल कार्यक्रम संपेपर्यंत पडद्यावर राहावं.

२. संध्याकाळी सात ते रात्री अकरा या वेळेतला किमान अर्धा वेळ प्रत्यक्ष जागेवरून केलेल्या वार्तांकनाला द्यावा.

३. चर्चेत चारपेक्षा जास्त पाहुणे नकोत. प्रत्येकाला समान वेळ, घड्याळ पडद्यावर, एक बोलत असताना बाकीच्यांचे माईक बंद. ज्या समाजाबद्दल चर्चा आहे त्याचा जाणकार प्रतिनिधी सक्तीने असावा.

४. तपास चालू असलेल्या गुन्ह्याच्या बातमीत पार्श्वसंगीत, नाट्यरूपांतर आणि निकाल देणारी पट्टी नको. तपासात अडथळा आणणारी 'मीडिया ट्रायल' न्यायालयाचा अवमान ठरू शकते, हे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलंच आहे.

५. चूक सिद्ध झाली तर त्याच वेळेला, त्याच कार्यक्रमात, त्याच अँकरने माफी वाचावी. दंड वाहिनीच्या उत्पन्नाच्या प्रमाणात असावा.

६. संपादकीय पदांवर कोणत्या सामाजिक घटकांचे किती लोक आहेत, हे दरवर्षी जाहीर करावं.

काही जण म्हणतील, पाहूच नका ना! पण टीआरपीची यंत्रं देशात ५५-६० हजार घरांत आहेत आणि टीव्हीची घरं २० कोटींहून अधिक. तुमच्या-आमच्या घरात यंत्रच नसेल तर आपण टीव्ही बंद केल्याचं कोणाला कळणार? दुसरा सल्ला: आपली माध्यमं उभारा. ती उभारलीच पाहिजेत. पण बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढला म्हणून सार्वजनिक सत्तेतला वाटा मागणं सोडलं नाही. त्यांनी दोन्ही लढाया एकाच वेळी लढल्या. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीच्या वेळी कायदामंत्री म्हणून त्यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची बाजू संसदेत मांडली. ते निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत हा शब्द कलम १९(२) मध्ये त्याच दुरुस्तीने आला. निर्बंध असू शकतो, पण तो वाजवी आहे की नाही हे न्यायालय तपासेल. आमची मागणी याच मार्गावरची आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर हातात आहे ते वापरा. आक्षेपार्ह कार्यक्रम दिसला की तारीख, वेळ, अँकरचं नाव आणि नेमकं वाक्य लिहून ठेवा. सात दिवसांच्या आत वाहिनीकडे लेखी तक्रार करा, उत्तर पटलं नाही तर पुढच्या प्राधिकरणाकडे जा. वाहिनीला प्रक्षेपणाचं मुद्रण ९० दिवस जपावं लागतं, त्यामुळे उशीर करू नका. अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध द्वेष पसरवला असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(यू) वाचा आणि वकिलाशी बोला. प्रत्येक तालुक्यात वाहिन्यांवर लक्ष ठेवणारा चार-पाच जणांचा गट झाला, तरी वर्षाच्या शेवटी आपल्या हातात नोंदींची एक वही असेल. मागणी करायला जाताना नुसता संताप पुरत नाही, पुरावा लागतो. ती वही घेऊनच आपण संसदेच्या दारात जाऊ.

जय भीम! जय संविधान!