एसी लोकल, फुटबॉल आणि साध्या डब्यातला प्रेक्षक

४ जून २०१८. सोमवार. संध्याकाळी साडेपाचला मी ऑफिसातून "पोटात दुखतंय" असं सांगून निघालो. (बिल्ड तुटलेला होता, पण तो तसा रोजच असतो.) हीने चिरंजीवांना डोंबिवलीहून घाटकोपरला आणून माझ्या स्वाधीन केलं आणि "रात्री जेवायला काहीतरी नीट द्या त्याला, नुसते वेफर्स नकोत" अशी तंबी देऊन ती परत गेली. आम्ही दोघे मेट्रोने आझादनगर, तिथून चालत अंधेरीचं क्रीडासंकुल. भारत विरुद्ध केनिया. सुनील छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना.

आठवत असेल तुम्हाला. त्याआधी तीनच दिवस, १ जूनला, भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीने हॅटट्रिक केली, आणि बघायला माणसं किती? २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक व्हिडिओ टाकला. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या, अशी अक्षरशः विनवणी. आणि केनियाच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. धो धो पाऊस होता, चेंडू पाण्यात अडकत होता, आमच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. भारत ३-० जिंकला, छेत्रीने दोन गोल मारले. चिरंजीव तेव्हा दहा वर्षांचे. इतका भिजलेला आणि इतका खूष मुलगा मी पुन्हा पाहिला नाही.

परतीचं मात्र सांगतो. सामना संपून बाहेर पडेपर्यंत दहा वाजून गेलेले. मेट्रोची रांग, घाटकोपरच्या पुलावरची गर्दी, पावसामुळे लेट झालेल्या गाड्या. घरी पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. दिव्याच्या आसपास अर्धवट झोपेत त्याने विचारलं, "बाबा, आपल्याकडे का नाही होत मॅच?"

मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. आता तो कॉलेजात आहे, आणि प्रश्न तसाच आहे.

तर आजचा विषय हा. "आपल्याकडे" म्हणजे ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. इथे फुटबॉल कुणाला आवडतो का, असं विचारणाऱ्यांनी पावसाळ्यात डोंबिवलीच्या भागशाळा मैदानात चिखलात लोळणारी पोरं बघावीत. अंबरनाथचा क्लब मुंबईच्या लीगमध्ये खेळतो. पण मोठा सामना बघायचा तर आम्ही जायचं ते अंधेरीला, नाहीतर कूपरेजला, नाहीतर नेरूळला. आमच्या महापालिकांच्या क्रीडासंकुलांत खेळ होतात, नाही असं नाही, पण महोत्सव, सभा आणि प्रदर्शनंही काही कमी होत नाहीत.

आणि आता बातमी काय? स्टेडियम येणार आहे म्हणे. आमच्याच जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यातल्या आमणे इथे, जिथून समृद्धी महामार्ग सुरू होतो. मुंबई क्रिकेट असोसिएशनने २०२४ मध्ये तिथल्या जागेसाठी हालचाल केली, आणि २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनीही लाखभर प्रेक्षकांच्या स्टेडियमसाठी जागा द्यायची तयारी दाखवली. क्रिकेटचंच ते. पण आमच्या सोसायटीत एका काकांनी लगेच जाहीर केलं, "एक लाख सीट! आता तिकिटाची चिंता मिटली."

इथे माझं काकांशी भांडण आहे.

सीट वाढल्या की तिकीट मिळतं, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. पुरवठा वाढला, भाव उतरला. शाळेत शिकवतात तेच. पण मी मध्य रेल्वेने रोज प्रवास करणारा माणूस आहे आणि मला एसी लोकल माहीत आहे. :-)

२०२२ चा ऑगस्ट आठवा. एसी लोकल आल्या त्या जादा गाड्या म्हणून नाही, तर साध्या गाड्यांच्या जागी. रूळ तेवढेच, वेळ तीच, पण ऐन गर्दीची साधी गाडी गेली आणि तिच्या जागी कितीतरी पट भाड्याची थंडगार गाडी आली. तिच्यात न मावणारी, म्हणजे न परवडणारी, माणसं मागच्या साध्या गाडीला लटकली. कळव्याला लोक रुळावर उतरले, मग बदलापूरला आंदोलन झालं आणि २५ ऑगस्टपासून मध्य रेल्वेने वाढवलेल्या १० एसी फेऱ्या मागे घेतल्या. कागदावर बघाल तर "सुविधांमध्ये वाढ" झाली होती. एसी वाईट नाही हो, उन्हाळ्यात मीही कधीमधी बसतो. पण ती कुणाची जागा घेऊन आली, हे विचारायचं की नाही?

स्टेडियमचंही तसंच होतं. वानखेडेचंच बघा. मुळात ते उभं राहिलं तेच तिकिटांच्या भांडणातून. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, सामने भरवणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन, आणि कुणाला किती जागा यावरून विजय मर्चंट आणि शेषराव वानखेडे यांचं बिनसलं. मग ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम बांधलं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटीसुद्धा झाली. पुढे २०११ च्या वर्ल्ड कपसाठी त्याचं नूतनीकरण झालं. नवीन छप्पर, नव्या खुर्च्या, नवे बॉक्स, आणि क्षमता ४५ हजारांच्या आसपास होती ती आली ३३ हजारांवर. त्या अंतिम सामन्याची सर्वसामान्यांसाठी तिकिटं किती होती? ४ हजार. बाकीची संलग्न क्लब, आयसीसी, प्रायोजक वगैरे मंडळींची. म्हणजे आठातली एक खुर्ची तुमची-आमची, तीही वेबसाइट चालली तर. (ती कोसळली. मी रिफ्रेश मारत बसलो होतो.)

आता याच हिशेबाने आमणेच्या एक लाखातल्या आपल्या किती, ते काकांनी सांगावं.

परदेशात सगळं छान आहे असंही नाही. लिव्हरपूलने अॅनफिल्डचा मुख्य स्टँड वाढवायला घेतला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर केलं की नव्या स्टँडमधलं सर्वात महाग तिकीट ७७ पौंड. तर सामन्याच्या बरोबर ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून बाहेर गेले. संघ २-० ने पुढे होता, सामना २-२ सुटला. चारपाच दिवसांत मालकांनी माफी मागितली, ७७ चं तिकीट रद्द, दर गोठवले. स्टँड त्याच वर्षी उघडला, आणि ७७ पौंडांवाचून काही अडलं नाही. मँचेस्टर युनायटेडने मात्र २०२४-२५ च्या मोसमात मध्येच उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंड करून टाकली, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही सवलत नाही, आणि त्याच मोसमात एक लाख प्रेक्षकांचं नवं स्टेडियम बांधणार म्हणून घोषणाही केली. स्टेडियम वाढणं आणि तिकीट स्वस्त होणं यांचा आपोआप संबंध नसतो, याला आणखी काय पुरावा द्यायचा?

इंग्लंडचं अजून एक. १९८९ मध्ये हिल्सबरोला चेंगराचेंगरी झाली, ९७ माणसं गेली. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांनी जो अहवाल दिला त्यात वरच्या दोन विभागांची मैदानं संपूर्ण खुर्च्यांची करा असं सांगितलं. पण त्याच अहवालात हेही होतं की यामुळे तिकीट महाग व्हायचं कारण नाही. ग्लासगोच्या आयब्रॉक्सला उभ्याचे ४ पौंड आणि बसायचे ६ पौंड, असं उदाहरणही दिलेलं. क्लबांनी खुर्च्यांचं ऐकलं, भावाचं विसरले. जर्मनीने उभं राहायची सोय ठेवली. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये २५ हजारांच्या आसपास माणसं उभी राहून, नाचत, ओरडत सामना बघतात, आणि तिथे बहुतेक ठिकाणी सामन्याच्या तिकिटावरच ट्रेन-बसचा प्रवासही होतो. हे वाचलं तेव्हा मला उगाच भरून आलं. दीड तास उभं राहणं ही गोष्ट डोंबिवलीकराला काय सांगता? आम्हाला फक्त गोल दाखवा.

गर्दी म्हणजे धोका, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. ४ जून २०२५ ला बंगळुरूत चिन्नास्वामीच्या बाहेर ११ जीव गेले, ते विसरता येत नाही. पण ते गेले दरवाज्याशी, आत तिकीट काढून शिस्तीत उभ्या असलेल्या स्टँडमध्ये नव्हे. दरवाजे किती, रुंदी किती, किती लोक आत गेल्याचं कोण मोजतंय, हे इंजिनिअरिंग आहे. त्यावर खर्च करा. गरिबाला बाहेर ठेवणं हा सुरक्षेचा उपाय नव्हे.

दुसरा आक्षेप पैशाचा. स्वस्त तिकिटांवर क्लब कसा चालेल? हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही, कारण क्लब बुडताना आपण पाहिलेत. महिंद्र युनायटेड २००६ ला राष्ट्रीय विजेता होता, २०१० मध्ये संपला. मुंबई एफसी २०१७ नंतर दिसला नाही. २०२५ च्या जुलैत तर फेडरेशन आणि आयोजक कंपनी यांच्यातला करार अडला म्हणून अख्खी आयएसएलच लांबणीवर पडली. पण यातलं काहीही तिकीट स्वस्त होतं म्हणून झालेलं नाही. उलट २०२०-२१ चा मोसम बघा. कोविडमुळे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानात. मुंबई सिटी पहिल्यांदा विजेता झाला, अंतिम सामन्यात बिपिन सिंगने ९० व्या मिनिटाला गोल मारला, आणि तो बघायला स्टेडियमात एकही मुंबईकर नव्हता. दाराशी एक रुपया जमा न होता लीग पार पडली. म्हणजे धंदा चालतो तो टीव्ही आणि प्रायोजकांवर. मग आमच्या तिकिटातून आणखी शंभर-दोनशे काढून काय मिळवता? टीव्हीवर भरलेलं मैदान दिसणं जास्त मोलाचं नाही का?

बरं, मैदान भरायचं तर ते केवढं असावं? मुंबई सिटी पहिली दोन वर्षं, २०१४ आणि २०१५, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळली. ५५ हजारांची क्षमता, मूळ क्रिकेटचं मैदान, खेळाडू दुर्बिणीतून बघावेत एवढ्या लांब. २०१६ ला अंधेरीला आले, सात हजारांच्या आसपासचं छोटं मैदान. पण फोर्लानने केरळविरुद्ध हॅटट्रिक केली तेव्हा त्याच्या बुटाला लागलेलं गवत दिसत होतं म्हणतात बघणारे. आणि मग २०२३ ला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये अल-हिलाल आला, तो सामना अंधेरीत नाही, परत नेरूळलाच. म्हणजे एक मैदान फार मोठं, एक फार लहान. सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळेल: दिवाळीच्या एका दिवसाच्या लोडसाठी शंभर सर्व्हर घेऊन ठेवायचे आणि वर्षभर त्यांचं वीजबिल भरायचं. ते वीजबिल शेवटी तिकिटातच येतं.

माझ्या मते आपल्याकडे हवंय ते १०-१२ हजारांचं फुटबॉलचं मैदान, स्टेशनपासून चालत जाता येईल असं. ट्रॅक नको, क्रिकेटची खेळपट्टी नको. एका गोलामागचा अख्खा स्टँड उभ्याचा, आणि त्याचा पास लोकलच्या पाससारखा: मोसमाचा एकच, सेकंड क्लासच्या माणसाला झेपणारा.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर एकदा कोल्हापूरला जा. माझा एक सहकारी तिकडचा, त्याने मला शाहू स्टेडियमवर नेलं होतं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी, प्रॅक्टिस, बालगोपाल... ही नावं तो अशी घेतो जशी आपण गाड्यांची स्टेशनं. पेठेपेठेचा संघ, तालमीच्या नावाने. सिमेंटच्या पायऱ्या, बुडाखाली घडी केलेला 'पुढारी', शेजारी सत्तरीचे आजोबा आणि त्यांचा नातू, दोघेही रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत. तिकीट चहा-वडापावच्या हिशेबात बसणारं. सगळं गोड आहे असं नाही. हाणामाऱ्या झाल्यात, सामने बंद पडलेत. पण पोरं बघून शिकतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच शहरातला. तिथे कुणी कुणाला व्हिडिओ टाकून "मैदानात या" असं विनवत नाही.

तेव्हा आमणेचं काय? बांधा की. क्रिकेटचंच बांधा, हरकत नाही. पण जमीन सरकार देणार असेल, तर जमिनीच्या करारातच लिहून घ्या: प्रत्येक सामन्याची निदान निम्मी तिकिटं खुल्या विक्रीला, त्यातली ठराविक सर्वात खालच्या दरात, आणि तो दर कुणी व कधी वाढवायचा ते. बांधून झाल्यावर मागाल तर कुणी विचारणार नाही. लोकलचं निदान सोपं होतं, लोक रुळावर उतरू शकले. सामन्याच्या तिकिटासाठी कोण उतरणार? आणि सामना संपल्यावर आमणेहून कल्याण स्टेशनला रात्री अकराला माणूस कसा जाणार, याचं उत्तरही त्याच कागदावर हवं. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो हे उत्तर असेल तर ती आधी पूर्ण होऊ द्या.

काकांना हे सगळं काल जिन्यात ऐकवलं. ते म्हणाले, "अरे, तू फारच निगेटिव्ह आहेस बुवा." चिरंजीव मागे उभे होते. ते म्हणाले, "काका, तुम्ही शेवटचं कधी गेला होतात मॅचला?" काका जरा विचारात पडले. १९८३ ला म्हणाले, वानखेडेला, वेस्ट इंडिजविरुद्ध, वडिलांबरोबर, आणि तिकीट वडिलांच्या ऑफिसातल्या साहेबाने दिलं होतं.