पदवीचा हिशेब

विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या मुलाच्या घरी दरवर्षी एकच वाद रंगतो: अभियांत्रिकी की वाणिज्य? 1983 साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि गुणांअभावी बंद असलेले दार अनेकांना पैशाच्या बळावर उघडले. प्रवेश मिळतो म्हणून अभियंता व्हायचे, ही रीत तेव्हापासून रुजली. अर्थशास्त्राचा हिशेब मात्र निराळा आहे. वाणिज्याची पदवी तीन वर्षांत मिळू शकते, अभियांत्रिकीला चार लागतात. भरलेल्या शुल्काबरोबरच त्या जादा वर्षाची बुडालेली कमाई हाही खर्चच होय. गणितात आणि यंत्रांत रमणाऱ्याला तो फळतो. ज्याला त्यात गोडी नाही, त्याच्या वडिलांच्या वाट्याला केवळ कर्जाचे हप्ते येतात. तेव्हा पालकांनी आधी मुलाचा कल विचारावा, शेजाऱ्यांचा सल्ला मागाहून.